खंडाळ्याच्या घाटात पाईन नको

मागच्या अंकात कॉम्प्युटरवरच्या ट्रेन सिम्युलेटर गेममध्ये रूट बनवणाऱ्यांना रूळ, वळणं आणि चढ यांवर उत्तरं दिली होती, त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं झाडांवरच आहेत, म्हणून या वेळचं सदर पूर्ण झाडांना देतेय. ज्यांचे प्रश्न सिग्नलबद्दल होते त्यांनी प्लीज पुढच्या अंकापर्यंत थांबा.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ट्रेन्झ या गेममध्ये चिपळूण ते रत्नागिरी रूट बनवतोय. रूळ झाले, स्टेशनं झाली, बोगदे पण झाले. पण झाडं लावली की ते कोकण वाटतच नाही, केरळ वाटतं. नारळ तर भरपूर लावलेत. नक्की काय चुकतंय? — एक वाचक, चिपळूण

अरे, ते नारळच चुकतायत. कोकण म्हटलं की नारळ आणि समुद्र हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की तुझ्यासारखा चिपळूणचा मुलगासुद्धा खिडकीतून रोज दिसतं ते सोडून कॅलेंडरवरचं कोकण बनवायला लागतो. कोकण रेल्वे रत्नागिरी जिल्ह्यात बरीच आतून जाते, समुद्र जवळपास दिसतच नाही. दिसतात त्या डोंगराच्या सोंडा, जांभ्याची उभी कटिंग (रुळासाठी कापलेल्या भिंती), बोगदे, मध्येच एखादं खोरं आणि त्यात भातशेती. नारळ आणि पोफळी असतात त्या घराजवळ, विहिरीजवळ, वहाळाच्या काठाला, म्हणजे जिथे पाणी आणि माणूस दोन्ही आहे तिथे. तेव्हा तुझ्या रूटवरचे नारळ आधी काढ आणि फक्त वाडी दिसते तिथे दहा-पंधराचे पुंजके परत लाव, निम्मं काम तिथेच होईल.

मी हे इतकं ठामपणे सांगतेय कारण मी पहिल्यांदा कर्जत-लोणावळा घाट बनवला तेव्हा गेमसोबत जी झाडं आली होती तीच लावली होती, त्यात पाईन आणि स्प्रूसच जास्त. माझे मामा लोको पायलट होते, रिटायर झाल्यावर घरी आले तेव्हा मी हौसेनं त्यांना तो रूट चालवायला दिला. रूळ, बोगदे, कॅचसायडिंग (उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवायचा रूळ) सगळं त्यांना बरोबर वाटलं, तरी पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "बाळा, हा घाट कुठला?" सदतीसला एक (सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) असा चढ मी मीटर मीटर मोजून घातला होता, आणि ज्या माणसानं त्या घाटात आयुष्य काढलं त्याला तो ओळखू आला नाही, फक्त झाडांमुळे. मग त्यांनी मला बसून सांगितलं की ते जागा कशा ओळखायचे, अमुक कटिंग संपलं की डावीकडे मोठा आंबा, मग उजवीकडे दरीत सावरी, मग पावसाळ्यात धबधबा. तेव्हापासून मी रूट करताना आधी जमीन वाचते आणि मग झाड निवडते.

तुझ्या पट्ट्यात जमिनीचे ढोबळ चार प्रकार आहेत. एक सडा, म्हणजे वरचं जांभ्याचं पठार, इथे मोठी झाडं जवळपास नाहीतच, गवत आणि करवंदीच्या जाळ्या, कुठे कुठे आंबा-काजूच्या बागा. बागेतली झाडं ओळीत आणि सारख्या अंतरावर असतात हे लक्षात ठेव, जंगलातली नसतात. दुसरा डोंगरउतार, तिथे ऐन, किंजळ, साग, कुसुम, सावर, खाली उक्षीच्या वेली (तुझ्या रूटवर उक्षी नावाचं स्टेशनच आहे, तिथे तरी उक्षी पाहिजेच!). तिसरं खोरं, भाताच्या खाचरांचे लहान लहान तुकडे, बांधावर एखादं झाड, बाकी मोकळं. मोकळं ठेवायला घाबरू नकोस, रूट बनवणाऱ्यांना रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात आणि तिथेच सगळं बिघडतं. चौथी जागा म्हणजे रेल्वेनं स्वतः खणलेली आणि भरलेली जमीन, भराव आणि कटिंगच्या कडा. इथे जुनं जंगल नसणारच, कारण ही लाईन पूर्ण सुरू झाली १९९८ साली. इथे लावलेली झाडं असतात, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, आणि आपोआप आलेली घाणेरी, रानमोडी. ही झाडं कुणाला आवडत नाहीत म्हणून रूटमध्ये कुणी घालत नाही, पण गाडीतून सगळ्यात जवळून दिसतात तीच, म्हणून ती घालच. एखाद्या गावाजवळ देवराई असेल तर तिथे मात्र हात सैल सोड, चार-पाच प्रचंड जुनी झाडं एकमेकांत घुसलेली, आणि बाजूला एकदम मोकळं.

आणि अगदी रुळाजवळ झाड लावू नकोस. आता पूर्ण कोकण रेल्वेला वरून विजेची वायर आहे, वायरवर फांदी येऊ नये म्हणून आणि सिग्नल लांबून दिसावा म्हणून रेल्वे कडेची झाडं तोडत असते. खडीच्या बाहेर आधी गवत, मग झुडपं, मग झाडं, असा चढत्या पायऱ्यांचा पट्टा ठेव. नवीन ट्रेन्झमध्ये टर्फएफएक्स नावाचं आपोआप पसरणारं गवत आहे, ते इथे फार छान बसतं पण खडीवर चढू देऊ नकोस.

उंचीसाठी डब्याचं माप धर. एलएचबी डबा (आताच्या नव्या गाड्यांचा) साधारण २४ मीटर लांब आणि ४ मीटर उंच. वाढलेला नारळ २० मीटरच्या पुढे जातो, म्हणजे पाच डबे एकावर एक ठेवले तर तेवढा. करवंदीची जाळी डब्याच्या खिडकीपर्यंत पण कशीबशी येते. डाउनलोड केलेली झाडं पुष्कळदा चुकीच्या उंचीची असतात, मी प्रत्येक नवीन झाड आधी एका डब्याशेजारी उभं करून बघते आणि मगच रूटमध्ये घेते.

मी ओपन रेल्स या सिम्युलेटरमध्ये जुन्या एमएसटीएस (मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर) पद्धतीचा रूट करतोय. झाडं कुठल्या सीझनची घ्यायची? आपल्याकडे ऑटम, विंटर असं काही नसतं ना. — एक वाचक, डोंबिवली

उलट मला वाटतं आपल्याकडे सीझन त्यांच्यापेक्षा जास्त उठून दिसतो! जुलैमधला कसारा घाट आणि एप्रिलमधला कसारा घाट शेजारी ठेवा, बाहेरच्या माणसाला ती एकच जागा आहे हे पटणार नाही.

एमएसटीएस २००१ साली आलं तेव्हा त्याच्या टेक्स्चर फोल्डरमध्ये (टेक्स्चर म्हणजे झाडावर, जमिनीवर चढवायचं चित्र) स्प्रिंग, ऑटम, विंटर आणि बर्फाचे वेगवेगळे उपफोल्डर दिले होते, ओपन रेल्स अजून तेच वापरतं. बर्फाचे फोल्डर आपल्याला नकोत. बाकीच्यांना मी आपले महिने देऊन टाकते, मूळ फोल्डर म्हणजे एप्रिल-मे, ऑटम म्हणजे जुलै-ऑगस्ट, विंटर म्हणजे डिसेंबर आणि स्प्रिंग म्हणजे फेब्रुवारी-मार्च. नावं त्यांची, झाडं आपली. एकदा हे ठरलं की प्रत्येक झाडाची चार चित्रं लागतात आणि इथेच खरा अभ्यास होतो. उदाहरणार्थ साग, उन्हाळ्यात नुसत्या काड्या, पावसाळ्यात मोठी हिरवी पानं आणि शेंड्याला पांढुरक्या फुलांचे तुरे. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये बिनपानांचा आणि पूर्ण केशरी. काटेसावर त्याच सुमाराला लालगुलाबी, पांगारा लाल, त्यालाही तेव्हा पानं नसतात. कुसुमाची नवीन पालवी लालबुंद येते, लांबून वाटतं झाड फुललंय. मग एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा आणि गुलमोहर लाल. आंबा, फणस, जांभूळ मात्र बाराही महिने हिरवे, त्यांना एकच टेक्स्चर पुरतं, पाहिजे तर आंब्याला जानेवारी-फेब्रुवारीत मोहोराची थोडी पिवळट छटा द्या.

फक्त एक सांगते, फुललेली झाडं मोजकीच ठेवा. डोंगरावर पळस फुलतो म्हणजे सगळा डोंगर केशरी होत नाही (काही माळांवर होतो, पण ते माळ वेगळे). पळसदरी हे नावच बघा, पळसाची दरी. मी तिथे पूर्ण उतारावर मिळून बारा पळस लावलेत आणि चालवताना एवढेच बरोबर वाटतात, आधी चाळीस होते तेव्हा ते होळीच्या स्टॉलसारखं दिसत होतं. तसंच कारवीचं, घाटातल्या उतारांवर कारवी भरपूर घाला पण जांभळी फुलं घालायची असतील तर ती सात वर्षांतून एकदा येतात, तुमचा रूट नेमक्या त्या वर्षाचा आहे का ते ठरवा.

पावसाळी टेक्स्चरमध्ये झाडापेक्षा जमिनीकडे जास्त लक्ष द्या. गवत, टाकळा, तेरडा, दगडावरचं शेवाळ, खाचरात पाणी. जुलैची झाडं आणि मेची करपलेली जमीन असे रूट मी पुष्कळ पाहिलेत आणि ते डोळ्याला सतत टोचत राहतं, कारण सांगता येत नाही पण टोचतं.

माझ्या लॅपटॉपवर जंगलाच्या भागात गाडी आली की चित्र अडकत अडकत चालतं. झाडं कमी केली तर टक्कल दिसतं. उपाय सांगा. — एक वाचक, नाशिक

आधी हिशोब करून बघा. ट्रेन्झचा एक बोर्ड, म्हणजे जमिनीचा एक चौकोन, ७२० मीटर बाय ७२० मीटर. त्यात दर ५ मीटरला एक झाड लावलं तर १४४ गुणिले १४४ म्हणजे २०,७३६ झाडं, एकाच बोर्डात! खरं जंगल तेवढं दाट असतंही, पण तुम्हाला जंगल लावायचंच नाहीये, गाडीतून दिसणारी जंगलाची कड लावायचीय. दाट जंगलाची कड म्हणजे भिंत असते, तिच्यामागे काय आहे ते दिसत नाही. म्हणून रुळापासून पहिल्या दोन-तीन ओळी चांगल्या झाडांच्या, त्यामागे दोन पट्ट्या फुलीसारख्या आडव्या ठेवून केलेली साधी झाडं, आणि त्याच्याही मागे एका लांब पट्टीवर छापलेली झाडांची रांग. लांबच्या डोंगरावर तर झाड लावूच नका, जमिनीलाच वरून दिसणाऱ्या जंगलाचं टेक्स्चर द्या आणि फक्त डोंगराच्या माथ्याच्या रेषेवर थोडी झाडं उभी करा, आकाशासमोर ती उठून दिसतात आणि मग सगळा डोंगर झाडांचा वाटतो.

जातीही कमी ठेवा. सहा-सात जाती आणि प्रत्येकीचे दोन-तीन आकार, एवढ्यावर माझा पूर्ण घाट उभा आहे. तीच टेक्स्चर परत परत वापरली की ग्राफिक्स कार्डवरचा ताण कमी होतो आणि डोळ्यालाही ते खरं वाटतं, कारण आपल्या जंगलातसुद्धा एका उतारावर दोन-तीन जातींचंच राज्य असतं. सारखेपणा मोडायला प्रत्येक झाड फिरवा आणि लहानमोठं करा, एमएसटीएसच्या फॉरेस्टमध्ये (एकगठ्ठा झाडं लावायची सोय) तर आकाराची कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा देता येते, ती एक ते एक, म्हणजे सगळी झाडं एकाच मापाची, अशी ठेवणारे लोक आहेत, तसं करू नका. डाउनलोड करताना झाडाला लांबून दिसणारी हलकी आवृत्ती आहे का तेही बघा, ती नसेल तर दोन किलोमीटरवरचं झाडसुद्धा पानापानासकट काढलं जातं आणि तुमचा लॅपटॉप तिथेच दमतो.

अजून एक, दाट जंगलात जमीन उगाच खडबडीत, उंचसखल दिसत असेल तर तो दोष तुमचा नाही. आपण वापरतो तो उंचीचा डेटा बहुतेक वेळा २००० साली अंतराळयानातून रडारनं घेतलेला आहे आणि दाट झाडी असेल तिथे रडारला जमिनीऐवजी बराचसा झाडांचा वरचा भागच लागला. म्हणजे त्या उंचीत झाडं आधीच थोडी मिसळलेली आहेत, तुम्ही त्यावर परत झाडं लावता आणि जंगल टेकडीएवढं होतं. रुळाच्या दोन्ही बाजूंना जमीन हातानं खाली घ्या आणि मग लावा.

आमच्या आजोबांच्या आठवणीतली बार्शी लाईट रेल्वे बनवायची आहे, साधारण १९४०-५० चा काळ. फोटो फार कमी आहेत. झाडं आताची बघून लावली तर चालेल का? — एक वाचक, बार्शी

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, ७६२ मिलिमीटरची ती छोटी लाईन, १८९७ ला सुरू झाली आणि पुढे लातूरपासून मिरजेपर्यंत पोचली, ती कुणीतरी मन लावून करायलाच हवी होती.

आताची झाडं जशीच्या तशी नका घेऊ. आज तुमच्या भागात रस्त्याकडेला, ओढ्यात, पडीक रानात जी वेडी बाभूळ माजलीय ती तेव्हा एवढी नव्हती. सुबाभूळ तर पूर्ण वगळा, तिचा प्रसार सत्तरच्या दशकात आणि त्यानंतर झाला, उरळीकांचनच्या बाएफ संस्थेनं चाऱ्यासाठी ती गावोगाव नेली. उसाचे हिरवेगार पट्टेही आता दिसतात तेवढे नकोत, तो काळ ज्वारीचा. तुमच्या रूटला पाहिजेत त्या म्हणजे आपल्या गावठी बाभळी, बोरी, कडुनिंब, विहिरीवर चिंच किंवा आंबा, गावाच्या तोंडाशी वड-पिंपळ. आणि भरपूर उघडं रान! काळी जमीन, ज्वारीचं उभं पीक किंवा कापलेली धसकटं, लांबवर एक बाभूळ. बाभळीची सावली विरळ असते, तिच्या टेक्स्चरमधून आकाश दिसलं पाहिजे, बाजारात मिळणाऱ्या बाभळी फार भरगच्च असतात.

फोटो नसले तरी आजोबा आहेत ना, मग त्यांना झाडांबद्दलच विचारा. कुठल्या स्टेशनवर सावलीला बसायचात, गाडीची वाट बघताना कशाखाली उभे राहायचात, बोरं कुठे खायचात. माणसाला स्टेशनची इमारत आठवत नाही पण सावली आठवते. आमच्या मामांचंही तसंच होतं. आणि स्टेशनांची, गावांची नावं नीट वाचा, उंबरमाळी, चिंचपोकळी, बोरिवली, पळसदरी, आपल्या रेल्वेच्या नकाशावर झाडं आधीच लिहून ठेवलीत, तुमच्या लाईनवरच्या वाड्यावस्त्यांतही अशी नावं निघतील.

मी कामानिमित्त लीड्सला राहते आणि इथली सेटल-कार्लाइल लाईन बनवतेय, वाफेच्या इंजिनाचा काळ, १९५० च्या आसपास. मराठीत विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला लिहिलं. हिरवळीच्या देशात झाडं किती दाट ठेवू? — एक वाचक, लीड्स

अगं, खूप कमी! ही लाईन माझी फार आवडती आहे, एमएसटीएससोबत जे सहा रूट आले होते त्यात ही होती आणि मी रेल्वे चालवायला शिकले ती याच लाईनवर. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल आठव, त्याच्या आजूबाजूला काय आहे? गवत, दलदल, वारा आणि मेंढ्या. एसगिलच्या माथ्यावर लाईन ३५६ मीटर उंच जाते, त्या उंचीवर तिथे उघडा माळ आहे. तिथे झाडांच्या जागी दगडाच्या रचलेल्या भिंती घाल, त्या भिंतींनीच तो प्रदेश ओळखू येतो. झाडं शेतघराभोवती, वाऱ्याच्या बाजूला, तीन-चार सिकॅमोरचा गट, ओढ्याकाठी अ‍ॅश, आणि खाली ईडनच्या खोऱ्यात उतरलीस की मग हॉथॉर्नची कुंपणं आणि मोठी झाडं वाढवत ने. हा चढत विरळ आणि उतरत दाट होणारा बदल नीट जमला ना, तर चालवणाऱ्याला चढ डोळ्यांनीच कळतो.

तुझ्या काळासाठी दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. वाफेच्या इंजिनातून ठिणग्या उडायच्या, आग लागू नये म्हणून रेल्वेची माणसं भरावावरचं गवत कापायची, मुद्दाम जाळायची सुद्धा. त्यामुळे भराव अगदी उघडे असायचे. १९६८ ला तिथली वाफेची इंजिनं संपली, ती निगाही कमी झाली आणि मग कडेला झाडं उगवली. म्हणून आज लीड्सहून गाडीत बसून तू जे बघतेस त्यातली रुळालगतची झाडी काढून टाक. आणि दुसरं म्हणजे एल्मची झाडं. साठच्या दशकाच्या शेवटी डच एल्म रोग आला आणि इंग्लंडमधले कोट्यवधी एल्म गेले. १९५० च्या खोऱ्यात ते उभे असायला हवेत. जे झाड आज तुला तिथे जाऊन बघता येणार नाही ते तुझ्या रूटवर परत उभं राहील, मला हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

बर्फाचे जे फोल्डर मी वर डोंबिवलीकरांना सोडून द्यायला सांगितले ते तू मात्र वापर. डेंट स्टेशनजवळ रुळाखालच्या जुन्या स्लीपरची उभी कुंपणं आहेत, बर्फ रुळावर येऊ नये म्हणून, तीही घाल.

झाडांचे फोटो स्वतः काढून टेक्स्चर बनवते, पण कडेला पांढरी रेघ येते. — एक वाचक, सावंतवाडी

झाड कापल्यावर मागचा भाग पांढरा राहिलाय म्हणून. पारदर्शक भागाच्या खालीही पानांच्याच रंगाचा हिरवा भरा, लांबून चित्र बारीक होताना कडेचे रंग मिसळतात तेव्हा मग पांढऱ्याऐवजी हिरवा मिसळेल. फोटो ढगाळ दिवशी काढा, ऊन असलं की एका बाजूची सावली चित्रातच छापली जाते आणि गेममधल्या सूर्याशी जुळत नाही. लांब उभं राहून झूम करून काढा, जवळून काढलं तर झाड वर निमुळतं होतं. बुंधा मुळापर्यंत यायला हवा, पुढे गवत असेल तर थोडं थांबून दुसरं झाड शोधा.

आणि हे सगळ्यांनाच, हात जोडून. फोटोसाठी रुळावर उतरू नका, दारात लटकू नका. रुळावर चालणं गुन्हा आहेच, पण वळणावर गाडी आवाज न करता येते हे मामांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहणार नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकावरून, रस्त्याच्या पुलावरून, शेताच्या बांधावरून पुष्कळ मिळतं. सावंतवाडीला तर स्टेशनबाहेर रस्त्यावर दहा मिनिटं चाललात तरी काजू, आंबा, फणस, किंजळ सगळं एकाच फेरीत मिळेल, या मार्चमध्येच जाऊन या आणि काढलेलं मला पाठवा, माझ्याकडे किंजळीचं चांगलं टेक्स्चर अजूनही नाहीये.